नानांनी घाटात चार वेळा गाडी थांबवली

माझे सासरे धनराज देवरे, म्हणजे आमचे नाना, यांना भाड्याच्या गाडीतून कुठेही न्यायचं नाही, हे मी लग्नानंतर सहा महिन्यांतच ठरवून टाकलं होतं. एरवी माणूस गरीब गाय. आमटीत मीठ विसरलं तरी निमूटपणे जेवून उठतील. पण गाडी सुरू झाली आणि स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असलं की त्यांच्या अंगात येतं. उजवा पाय आपोआप दाबला जातो, मान ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढे जाते आणि तोंडाचा पट्टा सुरू होतो. "गिअर पाड, गिअर पाड." "हॉर्न काय शोभेला लावलाय?" कळवण डेपोत त्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली एकोणीस वर्षं नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढणाऱ्या घाटात. त्यामुळे जगातले बाकी सगळे ड्रायव्हर त्यांच्या लेखी शिकाऊ.

एकदा नणंदेच्या लग्नाचा शालू घ्यायला आम्ही येवल्याला निघालो होतो. माझे आईबाबाही बरोबर होते. विंचूरच्या पुढे ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, किल्ली नानांच्या हातात ठेवली आणि तो समोरच्या टपरीवर जाऊन बसला, तो काही केल्या उठेना. अर्धा तास हर्षल, माझा नवरा, त्याची मनधरणी करत होता. माझे बाबा गाडीतच बसून होते, ओठ मिटून. त्यांचं ते मिटलेलं तोंड मला फार लागलं.

कारण आमचं लग्न तसं सरळ झालेलं नाही. माझं माहेर पंचवटीतलं. आजोबा रामकुंडावर यजमानांचे धार्मिक विधी करायचे, बाबा विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, नाव ढुंढिराज, बोलणं मोजकं आणि शुद्ध. त्यांच्या मुलीने एसटी ड्रायव्हरच्या मुलाशी लग्न केलं. त्यांनी विरोध केला नाही, पण सहा वर्षांत दोन व्याह्यांमध्ये "बसा, बसा" आणि "पाऊस बरा आहे" यापलीकडे गाडी सरकलेली नव्हती. म्हणून मीच घाट घातला की दोन्ही घरांनी मिळून आठ दिवस कुठेतरी जायचं. तामिळनाडूतलं वालपराई ठरलं. उंचावरचं थंड गाव, चहूकडे चहाचे मळे, उटीसारखी गर्दी नाही.

निघायच्या आदल्या रात्री मी नानांना बजावलं. मी शाळेत गणित शिकवते, बजावायची मला सवय आहे. "नाना, गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत ड्रायव्हरला एक अक्षर बोलायचं नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, तुमचं तिकीट रद्द करते." सासूबाई मालनबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. नाना म्हणाले, "बरं. शब्द दिला."

त्यांनी तो पाळला. कोइंबतूरहून वर चढताना बारा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मी त्यांना मुद्दाम शेवटच्या सीटवर बसवलं होतं, ड्रायव्हरपासून जितकं लांब तितकं बरं म्हणून. घाटात चाळीस अवघड वळणं आहेत आणि प्रत्येकावर नंबराची पाटी आहे, खाली एक आणि वर चाळीस. नाना प्रत्येक पाटी वाचत होते, पण तोंडातून शब्द नाही. ड्रायव्हर तिथलाच होता, जाणता. वर पोचल्यावर नाना एवढंच म्हणाले, "मानूस चांगला हाय."

वालपराईचे तीन दिवस झकास गेले. डोंगरच्या डोंगर कंबरेइतक्या झुडपांनी भरलेले, वरून एकसारखे कापलेले. आमचा सगळा गोतावळा चहाच्या मळ्यात उभा राहून नाशिकहून आणलेल्या पुडीचा, आलं घालून उकळलेला चहा थर्मासमधून पीत होता, कारण तिथला चहा आईला पाणचट वाटला. बाबा आणि नाना एका कट्ट्यावर शेजारी बसून पाऊण तास बोलत होते. कशाबद्दल, तर चहाची झाडं न छाटता वाढू दिली तर किती उंच होतील. मला तेवढंही पुरे होतं. अन्वी, माझी चार वर्षांची मुलगी, दोन्ही आजोबांच्या मध्ये बसली होती. त्या दिवशी मी मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली.

उतरायच्या दिवशी जुना ड्रायव्हर तापाने फणफणला. मालकाने खालून दुसरा माणूस पाठवला. मुरुगेसन नाव, चाळिशी ओलांडलेला, शर्टाच्या खिशात दोन मुलींचा फोटो. कोइंबतुरात विमानतळावर गाडी चालवायचा. हिंदीचे दहाबारा शब्द यायचे. आम्ही दुपारी बाराला निघालो आणि चाळीस नंबरची पाटी मागे पडली.

मी नानांच्या पुढच्याच सीटवर होते. छत्तीस नंबरच्या वळणाच्या आसपास त्यांनी खिडकी उघडली. गार वारा आत आला. बाबांनी मफलर घट्ट केला आणि मागे वळून सौम्यपणे म्हणाले, "जरा लावून घेता का?" नानांनी खिडकी लावली. मग ते माझ्या कानाशी वाकले.

"स्वरदा, बोलू का?"

"नाही, नाना."

"वास येतोय."

वास मलाही येत होता, काहीतरी करपल्याचा. त्या तीन दिवसांत चहाच्या कारखान्यांवरून जाताना भाजल्यासारखा वास सारखा यायचा. मी म्हटलं, "चहाच्या फॅक्टरीचा आहे." नाना पुन्हा मागे टेकून बसले.

एकतीसच्या वळणाआधी ते सीटवरून उठून पुढे गेले. आता शब्द मोडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी ड्रायव्हरला करंगळी दाखवली. जगातल्या कुठल्याही माणसाला कळेल अशी. मुरुगेसनने हसून गाडी कडेला घेतली. नाना उतरले आणि गाडीच्या मागे गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. हर्षल हाक मारायला उठला तेवढ्यात ते येऊन बसले.

"साखर वाढली असेल," सासूबाई म्हणाल्या.

सत्तावीसच्या वळणावर पुन्हा करंगळी. पुन्हा पंधरा मिनिटं. बाबांना एकदम विनोद सुचला. एरवी ते विनोद करत नाहीत, पण त्या दिवशी मोकळे झाले होते. "व्याहीबुवा, घाटातल्या धबधब्यांत आणखी एकाची भर!" आई हसली, हर्षल हसला. नानाही हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस कष्टाने जमवलेलं सगळं माझ्या सासऱ्यांच्या मूत्राशयापायी वाहून चाललं होतं. बोलून शब्द मोडता येत नाही म्हणून माणूस हट्टाने गाडी थांबवतोय, ड्रायव्हरला छळायची नवीन तऱ्हा शोधलीय, असंच माझ्या डोक्यात बसलं.

तेवीसच्या वळणावर तिसऱ्यांदा करंगळी वर झाली आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर, माझ्या आईबाबांसमोर मी ओरडले, "नाना, तुम्हाला घरीच ठेवायला हवं होतं!"

अन्वीने माझा हात धरला. नाना दाराच्या दांड्याला धरून उभे होते. ते म्हणाले, "चुकलंच पोरी. पन आता उतरू दे." आणि उतरले.

त्यानंतर मी मागे वळून पाहिलं नाही. गाडी निघाली. बावीस गेलं, एकवीस गेलं. आता गाडी वळणांना जरा जास्तच वेगाने येतेय असं मला वाटलं, पण रागाच्या भरात मी बाहेर बघत होते. डाव्या हाताला दरी होती आणि खाली धरणाचं पाणी चमकत होतं. विसाव्या वळणावर सगळे एका बाजूला झुकले. आईची पर्स खाली पडली.

नानांनी मागून हाक मारली. "स्टॉप. भैया, स्टॉप करो."

मुरुगेसनने आरशात बघून मान हलवली. इथे थांबता येत नाही, खाली वन खात्याची चौकी आहे, असं काहीतरी तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. चौथ्यांदा थांबण्याइतका त्याचा धीर उरला नसावा. नाना पुन्हा म्हणाले, अगदी शांत आवाजात, "स्टॉप." तो थांबला नाही.

मग मागून सासूबाईंचा आवाज आला, "अहो! अहो, हे काय!"

मी वळले. नानांची पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. सीट ओली, खाली फ्लोअरवर ओघळ. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बघत बसले होते. बाबांनी मान फिरवली. हर्षलने "गाडी रोको, गाडी रोको" म्हणून ओरडून सीट थोपटली. मुरुगेसनने मागे बघितलं आणि एकोणिसाच्या वळणाच्या थोडं अलीकडे, जिथे रस्ता जरा सपाट होतो, तिथे गाडी कशीबशी कडेला लावली. कशीबशी म्हणजे चाक गटारीच्या दगडाला घासत.

नाना सगळ्यांच्या आधी उतरले. मी बॅगेतून टॉवेल आणि त्यांची दुसरी पँट काढली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. गाडीच्या मागच्या बाजूला गेले तर नाना मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी चाकाखाली दोन दगड सरकवले होते. चाकाच्या मधून धूर येत होता, बारीक, निळसर. आणि तोच वास, जो मी चहाच्या फॅक्टरीचा म्हणाले होते.

मी टॉवेल पुढे केला. त्यांनी हात पुढे केला तेव्हा दोन बोटांची टोकं भाजलेली दिसली. पँट भिजलेली होती, पण तिला कसलाही वास नव्हता. त्यांच्या खिशातून रिकामी पाण्याची बाटली डोकावत होती.

मला सगळं कळायला फार तर तीन सेकंद लागले असतील. ते तीन सेकंद मी जन्मात विसरणार नाही.

"नाना..."

"हळू बोल." ते पुटपुटले. "तो सपाटीचा ड्रायव्हर हाय. चौथ्या गिअरवर ब्रेक दाबत उतरतोय. ज्या गिअरनं गाडी वर चढती त्याच गिअरनं उतरवायची, हे त्याला कुनी सांगितलंच नाय. चाकातले ब्रेकचे ड्रम तापून लाल झालेत. मी थांबवत होतो ते गार करायला."

"मग सांगितलं का नाही? ओरडला का नाहीत? मी काहीही बोलले असले तरी, नाना, अन्वी आहे गाडीत!"

"उतारावर ड्रायव्हरवर कधी ओरडायचं नसतं," ते म्हणाले. "घाबरला की पाय ब्रेकवरच जातो. आन त्याला माझी भाषा येत नाय, मला त्याची. चालत्या गाडीत काय शिकवू? थांबल्यावर सांगायला गेलो, तर त्याला वाटलं मी माफीच मागतोय. हसून खांद्यावर हात ठेवतो."

म्हणजे ते ओरडले नाहीत, त्याचा माझ्या बजावण्याशी काही संबंधच नव्हता. मी उगाच स्वतःला एवढी मोठी समजत होते. आणि त्यांनी आधी मला विचारलं होतं, मग वासाचंही सांगितलं होतं, तेव्हाच सगळ्यांनी मिळून गाडी नीट थांबवता आली असती. मी दोन्ही वेळा त्यांना गप्प बसवलं होतं.

तेवढ्यात मुरुगेसन मागे आला. धूर बघून त्याचा चेहरा उतरला. तो धावत पुढे गेला आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन आला. नानांनी त्याचं मनगट पकडलं आणि मान जोरात हलवली. तापलेल्या ड्रमवर पाणी टाकलं तर तो तडकतो. मग त्याला हाताने ड्रायव्हरच्या सीटवर नेऊन बसवलं आणि ब्रेक दाबायला सांगितलं. पेडल सरळ खाली गेलं, गालिच्यावर पाय ठेवावा तसं. मुरुगेसनने पाय काढला, पुन्हा दाबला. मग तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

"आता माझं ऐक," नाना मला म्हणाले. "सगळ्यांना बाहेर काढ. सीट ओली झाली, बसवत नाय, असं सांग. मागून सरकारी बस येईल तिच्यात बसा."

"आणि तुम्ही?"

"गार झाली की ब्रेक परत येईल. पहिल्या गिअरमधी आम्ही दोघं उतरवू."

"गाडी इथेच सोडू. मालकाला फोन करू."

"फोन केला की याची नोकरी गेली. तासाभरात ब्रेक येतो, मला म्हाईत हाय. पन येईल म्हनून अन्वीला मी त्यात बसवनार नाय."

मी गाडीपाशी गेले आणि खोटं बोलले. सीट भिजलीय, वास मारतोय, बसने जाऊ. सासूबाई नाकाला पदर लावून उतरल्या. बाबांनी बॅगा काढायला मदत केली. हर्षल म्हणाला, "मी नानांबरोबर थांबतो." मी म्हटलं, "अन्वीला कोण धरणार?" तो माझ्याकडे बघत राहिला, पण आला.

वीस मिनिटांनी वरून बस आली. तिथे थांबा नव्हता, वळण होतं. नाना रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी हात वर करून तळवा दोनदा खाली दाबला. तामिळ ड्रायव्हरने बस थांबवली, नानांकडे बघून मान डोलावली आणि दार उघडलं. ओली पँट घातलेला तो म्हातारा आपल्यातलाच आहे हे त्याला कसं कळलं, कोण जाणे.

बस उतरत होती आणि मी मागे बघत होते. अठरा, सतरा, सोळा. प्रत्येक वळणावर वरचा रस्ता दिसायचा आणि त्यावर आमची पांढरी गाडी कुठे आहे ते मी शोधत होते. आईने विचारलं, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "माकडं."

आळियारला घाट संपतो. चौकीजवळ आम्ही उतरलो आणि झाडाखाली बॅगा ठेवून बसलो. चार वाजले. साडेचार वाजले. घाटातून गाड्या येत होत्या, आमची नव्हती. हर्षलच्या फोनला रेंज नव्हती. बाबा म्हणाले, "पँट वाळत घातली असेल कुठेतरी," आणि स्वतःशीच हसले. मी उठून चौकीच्या फाटकापर्यंत गेले आणि घाटाच्या तोंडाशी उभी राहिले. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, पण गडावरची सप्तशृंगी त्यात नक्की होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी ती दिसली. पांढरी गाडी, इंजिन भुंग्यासारखं गुणगुणतंय, माणूस शेजारून चालत जाईल इतक्या सावकाश. तिच्या मागे वैतागलेल्या गाड्यांची रांग. नाना ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते आणि डाव्या हाताचं एक बोट वर धरून होते. एक बोट म्हणजे पहिला गिअर. सपाट रस्ता आल्यावर त्यांनी दुसरं बोट उघडलं आणि गाडीने दुसरा गिअर घेतला. मुरुगेसनच्या शर्टाला घामाने ओल आली होती. मी धावत जाऊन दार उघडलं तर नाना म्हणाले, "अगं, पडशील."

रात्री पोल्लाचीच्या हॉटेलात जेवायला बसलो. मुरुगेसन पलीकडच्या टेबलावर एकटा बसला होता, भात चिवडत. पापड आले आणि बाबांनी पुन्हा तोच धबधब्याचा विषय काढला. वेटर पाण्याचे ग्लास ठेवत होता, तर बाबा म्हणाले, "व्याहीबुवांना अर्धाच द्या हो." हर्षलसुद्धा खाली बघून हसला.

माझ्या हातातला घास ताटात पडला. मी म्हणाले, "बाबा, बस करा. तुम्हाला माहीत नाही, आज..."

नानांनी माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं आणि मान किंचित पलीकडच्या टेबलाकडे वळवली. मुरुगेसन मान खाली घालून बसला होता. मालकाचा नंबर बाबांच्या फोनमध्ये होता, गाडी बाबांच्याच नावे ठरली होती आणि बाबा नियमाचे पक्के. त्यांनी तिथल्या तिथे तक्रार लावली असती.

"काय करता व्याहीबुवा," नाना मोठ्याने म्हणाले, "वय झालं आता."

सगळे हसले. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि संपवला.

सकाळी आम्ही बाकीचे देवळात गेलो आणि नाना आले नाहीत. तब्येत बरी नाही म्हणाले. ते मुरुगेसनबरोबर गॅरेजमध्ये बसले होते, ब्रेकचे लायनर बदलून होईपर्यंत. हे मला त्यांच्या नखांतल्या काळ्या ग्रीसवरून कळलं.

निघायच्या आधी बाबा हॉटेलच्या व्हरांड्यात आले. हातात औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नानांना बाजूला घेतलं. मी दारामागे होते, मला सगळं ऐकू येत होतं. बाबांचा आवाज इतका हळुवार मी कधी ऐकला नव्हता. "धनराजराव, काल मी फार बोललो, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या वडिलांनाही शेवटी हाच त्रास होता, लाज वाटून घेण्यासारखं काही नाही यात. प्रवास लांबचा आहे. हे मोठ्या माणसांचे लंगोट आहेत, आतून घालायचे, कुणाला कळत नाही."

सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या वडिलांनी माझ्या सासऱ्यांना नावाने हाक मारली होती.

नानांनी भाजलेल्या बोटांचा हात मागे लपवला, मग तोही पुढे आणला आणि ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली. "लय उपकार झाले तुमचे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच भरून आलं होतं.

मी दारामागे तोंडावर ओढणी दाबून उभी राहिले. मग नाना खोलीत आले, लंगोटाचं पाकीट बॅगेत सगळ्यात वर ठेवलं आणि मला म्हणाले, "चल, गाडी लागलीय."